अर्धा चहा

नांदूरघाटला आमचं टेप दुरुस्तीचं दुकान. दसरा जवळ आला की ऊसतोडीला निघणारे ट्रॅक्टर दारात उभे राहायचे. टोळीबरोबर गाणी गेलीच पाहिजेत. मोठ्या ॲम्प्लिफायरचं बॅटरीच्या बारा व्होल्टवर भागत नाही, म्हणून मध्ये व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टरचा डबा लागतो. बॅटरी उतरायला लागली की डबा आपोआप बंद होतो, नाहीतर सकाळी ट्रॅक्टर ढकलायची पाळी. ड्रायव्हरांना नेमकं हे बंद होणंच नको असायचं. गाणं थांबलं न्हाई पायजे, तेवढं तोडून टाका, म्हणायचे. माझा भागीदार, म्हणजे शाळेपासूनचा दोस्त, त्यांना हसून वाटेला लावायचा.

डबा उघडायची आमची रीत ठरलेली. वायर काढली तरी आतल्या कंडेन्सरमध्ये करंट साठून राहतो. त्याला जोडलेला एक रेझिस्टर तो हळूहळू जिरवतो. म्हणून वायर काढायची, समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा, मग हात घालायचा. चहा संपला की डबा रिकामा. सोल्डरिंगच्या राळेचा धूर, आल्याचा वास, बाहेर कुणी तपासायला लावलेलं गाणं. लई चांगले दिवस होते ते.

एकदा एका डब्यातला तो रेझिस्टर जळालेला निघाला. दुसरा हाताशी नव्हता. मी जळका काढला, झाकण लावलं. गाणं वाजत होतं, ड्रायव्हर खुशीत गेला. भागीदाराला सांगायचं राहिलं.

तोच डबा परत आला तेव्हा मी बीडला सामान आणायला गेलतो. त्यानं वायर काढली, चहा घेतला, ट्रॅक्टरवर चढून हात घातला. झटक्यानं खाली पडला, उजवं मनगट मोडलं. हाड सांधलं, पण बोटांत सोल्डरिंगचं बारीक काम उरलं नाही.

दवाखान्यात कारण त्यानंच मला सांगितलं. गडबडीत चहा अर्धाच प्यालो, म्हणाला. मी मान डोलावली. तेव्हापासून रस्त्यावर त्याचं नाव 'अर्धा चहा' पडलं. टपरीवाला मुद्दाम त्याला अर्धाच कप भरून द्यायचा. तोही हसायचा, मीही.

आता मी चहावर भरवसा ठेवत नाही. कंडेन्सरला बल्ब लावतो, तो पेटून विझला की मगच हात. यंदा तसाच एक बल्ब विझताना बघत, आता गल्ला सांभाळणारा भागीदार हळूच म्हणाला, "तवा म्या चहा पुरता पेलो असतो तर."

मी बल्ब खाली ठेवला. "चहाचं काय न्हाई. आतला रेझिस्टर मी काढलता. तुला सांगितलं न्हाई."

त्यानं मनगटाकडं पाहिलं. मला वाटलं, हाताचंच बोलेल.

"मग इतकी वर्सं लोकायला मला अर्धा चहा कावून म्हनू दिलं बे?"

टपरीवर ड्रायव्हर बसलेले होते. तो उठला. "चल. तितं सांग."

मी रस्ता ओलांडला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना चाचरलो. कुणी हसलं नाही. टपरीवाल्यानं तोवर सवयीनं त्याच्यापुढं अर्धा कप ठेवला होता. त्यानं तो परत सरकवला.

"भरून दे," म्हणाला. माझ्याकडं न बघता.