जाळी धुवा म्हणणारी ओब्दुलिया

पुंता सेकाच्या नगरपालिकेत ओब्दुलिया कार्रास्कियो नेमकं काय करते, असं कुणी विचारलं तर गाव एका शब्दात सांगायचं: पारिया. पारिया म्हणजे जाळी. रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी आत घेणारी लोखंडी जाळी असते ना, ती. गावातल्या सगळ्या जाळ्या हिच्या ताब्यात. ती दिसली की पोरंसोरं "आली पारियाबाई!" करून ओरडायची आणि ही "आली, आली, आधी तो पाला उचल" म्हणून पुढे चालू लागायची. चिडवणाऱ्यांवर ती कधी रागावली नाही. पण कुणी जाळीत काही टाकताना सापडला, की त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

तिची सुरुवात झाडू मारण्यापासून झाली. पुढे मोठं वादळ येऊन गेलं आणि नगरपालिकेला एकदम कायदा आठवला. म्हणजे राजधानीतल्या, सान हुआनच्या कचेरीने आठवण करून दिली, आपणहून कसला आठवतोय! कायदा सरळ आहे. गावाखाली नळ दोन. एकातून संडास-मोरीचं पाणी जातं, ते शुद्धीकरण केंद्रात. दुसऱ्यातून पावसाचं, ते थेट समुद्रात. या दुसऱ्या नळात पावसावाचून एक थेंब जाता कामा नये. गेला तर ज्याच्या दारातून गेला त्याला दंड, आणि पुन्हा गेला तर धंद्याचा परवाना रद्द. शिवाय हे सगळं लोकांच्या गळी उतरवायचं काम नगरपालिकेचं. ते काम कुणालाच नको होतं, म्हणून ओब्दुलियाच्या गळ्यात पडलं. बाई बोलघेवडी आहे, बोलेल, असा साहेबांचा हिशेब.

बोलली की! मिस्साची प्रार्थना आटोपून लोक चर्चबाहेर आले की ही पायऱ्यांवर उभी. बारशाला दोन नळ, बाराव्याला दोन नळ. एकदा तर मयताच्या घरी कॉफीचा उरलेला चोथा जाळीत ओतणाऱ्या म्हाताऱ्याला तिने भर दुःखात झापलं. लोक कंटाळायचे, पण ऐकायचे. हळूहळू तेलाचे डबे जाळीऐवजी तेल गोळा करायच्या केंद्रावर जायला लागले.

तिचं ऐकलं नाही ते एकाच माणसाने, आणि तो नेमका तेयो. तेयोची किनाऱ्यावर कोंबडीचे पिंचो, म्हणजे सळईवर खोवलेले तुकडे, आणि मासे भाजून विकायची टपरी. तो ओब्दुलियाच्या मुलाचा, इसमाएलचा, धर्मपिता. बाप्तिस्म्याला पोराला हातांत धरलं ते त्यानेच. त्या दिवसापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडलेलं चालतं, कोंपाद्रेशी भांडण म्हणजे पाप. आणि गेल्या वर्षी या कोंपाद्रेने कढईतलं जळकं तेल जाळीत ओतलं आणि ओब्दुलियाने ते पाहिलं. तिने दंड लावला. दुसरी कुणी असती तर मान वळवून गेली असती, पण ही पडली ओब्दुलिया.

इसमाएलच्या लग्नाला तेयो आला नाही. वेदीजवळची धर्मपित्याची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. ओब्दुलिया पाहुण्यांशी हसून बोलली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भाताच्या पातेल्याशी रडली. तिला फार लागलं होतं ते. इसमाएल मात्र रडला नाही. त्याने तेयोचं नाव घेणंच सोडून दिलं.

यंदा वसंतात तेयो जरा निवळला. आधी लांबून मान हलवली, मग एकदा "काय कोमाद्रे, दम लागतो का?" म्हणाला. ओब्दुलियाला तेवढंही पुष्कळ झालं.

जुलैत कार्मेनच्या मातेचा, म्हणजे कोळ्यांच्या मारियामातेचा उत्सव. रविवारी मूर्ती होडीत बसते, मागून सगळ्या होड्या फुलं घेऊन जातात, आणि अर्धं गाव कमरेएवढ्या पाण्यात उभं असतं. त्याआधी जाळ्यांवरचा पाला-कचरा निघायला हवा, नाहीतर एक सर आली की किनाऱ्यावरचा रस्ता तुंबतो. कायद्यात तरतूद आहे: दुकानासमोरची जाळी दुकानदाराने मोकळी ठेवावी. विल्मर म्हणून तिचे साहेब होते, ते म्हणाले, "भोंग्याच्या गाडीवरून सांगून टाका." भोंग्याची गाडी चेगोची. तिच्यात बसून ओब्दुलियाने एका दमात आवाज भरून ठेवला:

"किनाऱ्यावरच्या दुकानदारांनो! शुक्रवारी आपापली जाळी स्वच्छ करा! मातेच्या होड्या निघायच्या आत प्रत्येकाची जाळी लख्ख दिसली पाहिजे!"

आता बघा गंमत. मासे भाजायची जाळी, तिलाही आम्ही पारियाच म्हणतो. आणि किनाऱ्यावरचे दुकानदार म्हणजे एकजात सगळे भाजणारे.

शुक्रवारी दुपारी रांगेतल्या प्रत्येक टपरीवाल्याने आपली भाजायची जाळी रस्त्यावर काढली. साबण, तारेची घासणी, रबरी नळी. वर्षाची चरबी, काजळी, आचिओतेच्या बियांचं भगवं तेल, सगळं भराभर निघालं. आपलं ऐकून लोक कामाला लागले म्हणून ओब्दुलिया नगरपालिकेत खूश होऊन बसली होती. किनाऱ्यावर एक चक्कर मारावी, एवढंही तिच्या मनात आलं नाही. रस्त्याचा उतार तेयोच्या टपरीकडे, त्यामुळे सगळ्यांचं पाणी वाहत वाहत त्याच्या समोरच्या जाळीत गेलं आणि तिथून समुद्रात.

शनिवारी सकाळी सान हुआनचा तपासनीस पाण्याचा नमुना घ्यायला आला. आठवडाभर पाऊस नाही आणि पावसाच्या नळातून भगवा फेस वाहतोय! या धंद्यात कोरड्या दिवसात वाहणारा नळ म्हणजे कुणीतरी केलेला उद्योग. त्याने लाल बावटा लावायला सांगितलं. पाण्यात उतरायचं नाही, होड्याही नाहीत. मग विल्मर आणि ओब्दुलियाला घेऊन तो डाग बघत बघत वर चालत आला, थेट तेयोच्या दारात.

तेयो वाटच बघत होता. त्याने जाळी दोन्ही हातांनी उचलून धरली. "बघ कोमाद्रे! नवी आणली असती तरी इतकी चकाकली नसती. हे बाकीचे नुसतं पाणी मारून मोकळे झाले. मी दुपारभर घासत होतो."

ओब्दुलियाने आधी त्याच्या हातातली जाळी बघितली, मग रस्त्यातली.

"कुठे धुतलीत?" तपासनिसाने विचारलं.

"इथंच, या जाळीपाशी. पाणी बरोबर आत गेलं, रस्त्यावर घाण नाही केली." तेयोला वाटलं, साहेब शाबासकी द्यायला आलेत. "हिनेच सांगितलं होतं ना, भोंग्यावरून."

"आम्ही रस्त्यावरची जाळी म्हणालो होतो," विल्मर घाईने म्हणाले. "यांनी भलतंच ऐकलं."

"गेल्या वर्षी तेल ओतलं होतं ते हेच का? म्हणजे ही दुसरी वेळ," तपासनीस म्हणाला. "मग टपरी बंद होईल. घोषणा मला ऐकवता का?"

"पुसली गेली ती," विल्मर म्हणाले.

तपासनीस ओब्दुलियाकडे वळला. "बाई, आवाज तुमचा होता. कुठली जाळी ते सांगितलं होतंत का तुम्ही?"

शेजारचे टपरीवाले एकदम मीठ-कांदा शोधायला लागले. विल्मर तिच्या कानाशी पुटपुटले, "या महिन्यात तुमचा करार संपतोय, ओब्दुलिया. कायम करायचं माझ्या हातात आहे. डोकं चालवा."

आणि ओब्दुलिया, जी मयताच्या घरीसुद्धा गप्प बसली नव्हती, ती गप्प बसली. "आठवून सांगते," एवढंच म्हणाली. तेयोच्या हातातली जाळी खाली आली.

ती घरी निघाली, तोवर बातमी तिच्या पुढे पोचली होती. मासेवाल्यांच्या कट्ट्यावर एक जण म्हणत होता, "त्या तेयोमुळे माता घरात बसणार. फुकट्याने पुन्हा तेल सोडलं."

"त्याला होडीच्या मागे बांधा आणि ओढा," दुसरा म्हणाला.

ओब्दुलिया थांबली. मग आली तशी वळली आणि चेगोच्या अंगणात गेली. चेगो जेवत होता.

"ऊठ. गाडी काढ."

"ओब्दुलिया, घास तरी..."

"घास नंतर. भोंगा जोरात लाव. विल्मर साहेबांना दारं लावूनही ऐकू गेलं पाहिजे."

या वेळी आवाज भरलाच नाही. ती स्वतः पुढे बसली, हातात माइक घेऊन. किनाऱ्यापासून चर्चपर्यंत आणि चर्चपासून तपासनीस जेवायला बसला होता त्या खाणावळीपर्यंत गाव जिवाचा कान करून ऐकत होतं:

"मी ओब्दुलिया बोलतेय! शुक्रवारी जाळी स्वच्छ करा असं मी सांगितलं, कुठली ते सांगितलं नाही! चूक माझी! तेयोने माझं ऐकलं, सगळ्यांनी माझं ऐकलं! समुद्र घाण झाला तो माझ्या बोलण्याने! कुणाला शिव्या द्यायच्या असतील तर मला द्या, मी घरीच आहे!"

तपासनीस उठून बाहेर आला. त्याने गाडी थांबवली आणि तिला तेच पुन्हा सांगायला लावलं, भोंग्याशिवाय. कायद्याने शिकवणं नगरपालिकेचं काम, शिकवण चुकली तर दोष नगरपालिकेचा. त्याने तसंच लिहिलं. टपरी वाचली. होड्या पुढच्या रविवारी, पाणी निवळल्यावर निघाल्या.

ओब्दुलियाचा करार पुढे वाढला नाही. साहेबांनी तिला बसायलाही सांगितलं नाही. तिने जाळ्या उचलायचा लोखंडी आकडा टेबलावर ठेवला, आणि घरी आली. तिला पश्चात्ताप नव्हता, पण राग होता, आणि पुढच्या महिन्याची भीतीही होती. खोटं कशाला सांगू!

दुसऱ्या दिवशी दुपारी तेयो दारात आला. धुतलेला सदरा, केस पाणी लावून चोपलेले. तो आत येईना.

"ये की कोंपाद्रे, उन्हात काय उभा राहिलास?"

"थांब, आधी बोलू दे." त्याने टोपी काढली. "गेल्या वर्षी ते तेल मीच ओतलं. जाणूनबुजून. तुझी चूक नसताना तुझ्याशी अबोला धरला आणि पोराच्या लग्नात माझी खुर्ची रिकामी ठेवली. तू एका शब्दासाठी गावभर भोंगा फिरवलास. मला वर्षभरात तुझ्या दारापर्यंत येववलं नाही."

"झालं गेलं."

"तुझ्यापुरतं झालं असेल." तो उंबऱ्याकडे बघत होता. "इसमाएल आहे घरात?"

ती आत वळली आणि तिने मुलाला हाक मारली.