पाकटाची नाळ

आता हसू येतं, पण खरं तेच सांगते. सायराला पहिल्यांदा बघितलं तवा मला वाटलं, ही बाई ठार बहिरी हाय. धारूरच्या बाजारात माझ्या बांगड्यांच्या शेजारी सुक्या माशांची पाटी मांडून बसलेली. गिऱ्हाईक भाव पाडून मागतंय, पाडून मागतंय, अन् ही आपली बोंबलावरच्या माशा हाकतीय. मी तर दोन बाजार तिच्याशी हातवारे करून बोलले! तिसऱ्या बाजारी ती म्हणाली, "मावशी, हात दुखले असतील. आता तोंडानं बोला."

बहिरी कसली! जे ऐकायचं न्हाई तेवढंच तिला ऐकू येत न्हाई.

पाटी तिच्या सासूची. नवरा कय्युम मोटारसायकली दुरुस्त करतो. गडी गुणी, पण दिवसाला चार शब्द बोलंल तर शपथ. बोलायचं सगळं काम त्यानं बायकोवर सोपवलंय, अन् बायकोनं ते मनावर घेतलंय.

सासूच्या काळात पाटीत सगळ्यात मानाचा माल म्हंजे पाकट. समुद्रातला चपटा मासा, सुपासारखा पसरट, मागं चाबकासारखं शेपूट. खारवून, वाळवून इकडं यायचा. एकेक असा, की पाटीच्या दोन्ही अंगाला बाहेर लोंबायचा. सायरा बसायला लागली तवा तो पाटीत मावायला लागला. मग ताटात. मग पळसाच्या पानाएवढा. अन् शेवटी तळहाताएवढ्या पाकटांच्या जुड्याच यायला लागल्या, पालकाच्या असतात तशा. त्या जुड्यांना गिऱ्हाईक लई. बाळंतिणीला बारकं पाकट खाऊ घातलं की दूध उतरतं, असं आमच्या बाया म्हणतात ना! सायरानंबी कितीतरी जुड्या विकल्या. ते ती लपवत न्हाई.

माल आणतो राधाकिशन, टेंपोतून. एकदा बोंबील ओलसट आला तवा सायरा म्हणाली, "पुढल्या खेपेला मी येते निवडायला."

"भाभी, बंदरावर बायामाणसाचं काम न्हाई."

हिला ऐकूच आलं न्हाई. पहाटे टेंपोत जाऊन बसली. बंदरावर उतरून बघती तर काय, माल विकायला, भाव करायला, शिव्या घालायला सगळ्या बायाच! राधाकिशनकडं बघून ती जी हसली, ते त्याला अजून झोंबतंय.

पण परत येताना तिचं हसू गेलतं. तिथं रेतीवर जाळं पालथं केलं, त्यात एक मोठी पाकट मादी निघाली. तडफडता तडफडता तिनं पिल्लं टाकली. तीन. जिती. पंख गुंडाळलेले, पोळीच्या सुरळीसारखे. एक कोळीण धावली, पिल्लं घमेल्यात घेऊन लाटंत सोडून आली. "जगतील तर जगतील," म्हणाली. "बोंबलाची अंडी ढिगानं, अन् वर्सात तो हाताला येतो. ह्या बाईला आई व्हायलाच वर्सं लागतात. अन् पोरं किती, तर बोटावर मोजायची. जाळ्याची भोकं बघ कशी बारीक झालीत. आई बी येती, न्हाती-धुती व्हायच्या आधीच लेक बी येती. मग उरंल कोण?"

तेव्हापासून सायराच्या पाटीत बारकं पाकट न्हाई. दोन वर्सं झाली. राधाकिशननं जुडी पुढं केली की ती माशा हाकती.

मागल्या बाजारी मात्र त्यानं पेच टाकला. बोंबील-जवळ्याची पोती टेंपोतच ठेवली, अन् जुड्यांचं गाठोडं तिच्यापुढं आपटलं. "हे घेतलं तर ते. न्हाईतर बोंबील बी न्हाई, जवळा बी न्हाई. तेलगावचं गिऱ्हाईक वाट बघतंय."

बाजार भरायला लागलेला अन् पाटी कोरी. ह्या पाटीबिगर सायरा म्हंजे काय? नुसती कय्युमची बायको, जिच्याशी कय्युम बोलत न्हाई! मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

त्यात आली भिवराबाई. सून बाळंत झालेली, पाचवी झालेली. जुडीवर नजर पडली अन् खूश. "दे गं सायरा, दोन."

"न्हाई देत. हाळीव घाला, शेपू घाला."

"कावून? मेलेला मासा आता जिता व्हणार हाय का?"

"न्हाई. पण तुमी हा नेला की राधाकिशनभौ पुढल्या बाजारी दुप्पट आणतोय. एका बाळंतिणीच्या दुधासाठी दुसरीची लेकरं शिजवायची, मावशी?"

समोर चहाच्या बाकड्यावर सुंदरराव गुरुजी बसलेले. रिटायर झाले, पण चुका काढणं थांबलं न्हाई. ते खेकसले, "माशाला कसली लेकरं? मासे अंडी घालतात! तीस वर्सं शिकवलंय मी."

"हा पिल्लं घालतो, गुरुजी."

"दाखव. दाखवलंस तर भर बाजारात म्हणीन, मी चुकलो."

आता गुरुजी हे वाक्य घरात बायकोपुढं कदी बोलले न्हाईत. चहावाल्यानं भांडं खाली ठेवलं.

सायरानं गाठोडं सोडलं. एकेक पिल्लू उलटं करून पोट बघती, बाजूला ठेवती. राधाकिशन, "ए भाभी, माल इस्कटू नका!" हिला ऐकू येतंय का! विसावं का बाविसावं असंल, तिचा हात थांबला. पिल्लाच्या पोटातून एक वाळका धागा निघालेला, अन् धाग्याच्या टोकाला मनुक्यासारखी सुकलेली पिशवी.

गुरुजींनी चष्मा वर केला, खाली केला. "कचरा अडकलाय."

"भिवरामावशी, तुमी बघा. वस्तीवर किती बाळंतपणं केली तुमी?"

भिवराबाईनं धागा बोटावर घेतला. "नाळ हाय ही," ती म्हणाली. "अन् ही वार."

"वार न्हाई, शिदोरी. बंदरावर कोळणीनं दाखवली मला. आईनं पोटाला बांधून दिलेली. ती खाऊन संपायच्या आत ह्याला बाहेर वढलंय."

भिवराबाईनं पिल्लू खाली ठेवलं, पदराला हात पुसले. मग वळली राधाकिशनकडं. "हे माझ्या सुनेच्या ताटात न्हाई जायचं. अन् तू हिला बोंबील देत न्हाईस? मग आमी कुठं जायचं रे, बंदरावर?"

मागं आणखी चारजणी पिशव्या घेऊन उभ्या. राधाकिशननं त्यांच्याकडं बघितलं, टेंपोकडं बघितलं, अन् मुकाट्यानं पोती उतरवली. गाठोडं परत गाडीत टाकत पुटपुटला, "तेलगावला खपतंय हे."

"तेलगावला एसटी जाती," सायरा म्हणाली. "मी बी जाईन."

तवर सुंदरराव गुरुजी चप्पल शोधत होते.

"गुरुजी!"

"अगं, अपवाद असतो एखादा. सगळे मासे न्हाईत तसे."

"मी सगळे कवा म्हणले? पाकट म्हणले."

गुरुजी चपलेकडं बघत पुटपुटले, "चुकलो."

सायरानं बोंबलावरची माशी हाकली, कानाला हात लावला. "काय म्हणालात? ऐकू येत न्हाई."

"चुकलो!" गुरुजी ओरडले. पार खालच्या गल्लीतल्या पेरूवाल्यानं मान वर केली.