तावीजवाला ज्ञानदेव, धागेवाला दस्तगीर

आमची पलटण तेव्हा पुंछच्या डोंगरात होती. मी हवालदार. माझ्याकडे एक पोस्ट आणि नऊ जवान. समोरची पाकिस्तानची पोस्ट इतकी जवळ, की त्यांचा खोकला आम्हाला ऐकू यायचा आणि आमच्या तव्याचा आवाज त्यांना. खाली बेस, बेसला हेलिपॅड. पोस्टवरून बेसला उतरायला तीन तास, चढायला पाच.

मी सातवी नापास. लिहायची सवय नाही. नाव, नंबर, वेळ एवढंच लिहीत आलो. तसंच लिहितो.

रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात उभं राहायचं. मग चहा. मग हत्यार साफ. दिवसभर आळीपाळीने पहारा. चार वाजता पाय तपासणी. बर्फात बोटं मरतात आणि माणसाला कळत नाही, म्हणून प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे बूट-मोजे काढायचे, बोट न् बोट बघायचं, मोहरीचं तेल लावून चोळायचं. हा हुकूम होता. माझा जोडीदार लान्स नायक दस्तगीर शेख. गाव बेलापूर, श्रीरामपूरजवळचं. मी मिरजगावकडचा. दोघंही नगर जिल्ह्याचे, म्हणून सुभेदार साहेबांनी जोडी लावली. त्याच्या उजव्या पायाचं दुसरं बोट आधीच्या पोस्टिंगला गारठ्याने काळं पडलेलं. नख गेलेलं, पुन्हा आलं नाही. मी अकरा महिने ते बोट चोळलं.

"हवालदार साहेब, एवढं माझ्या बापानंबी माझं पाय धरलं न्हाईत," तो म्हणायचा.

"गप. नायतर उद्या तू माझं जरा जास्त चोळ," मी म्हणायचो.

तिसरा आमच्या जिल्ह्याचा शिपाई ज्ञानदेव धिंदळे. राजूरच्या वरच्या डोंगरातला. वयाने लहान, तोंडाने मोठा. त्याच्या मनगटावर कळसूबाईच्या देवळातला लाल धागा असायचा. दस्तगीरच्या गळ्यात त्याच्या आईने घातलेला तावीज.

एकदा ज्ञानदेवाला ताप भरला. तीन दिवस बंकरमध्ये बडबडत पडला. दस्तगीरने आपला तावीज काढून त्याच्या गळ्यात घातला. ताप गोळीने उतरला की तावीजाने, मला माहीत नाही. ज्ञानदेव उठून बसला आणि म्हणाला, "आता ह्यो मी देत न्हाई. त्याच्या बदली माझा धागा घे. बघू तरी कुणाचा देव ड्युटीवर जागा राहतोय."

"तुजी कळसूबाई उंचावर हाय. तिला लांबचं दिसंल," दस्तगीर म्हणाला आणि हात पुढे केला.

मी बघत होतो. हसलो. सेक्शन कमांडर म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, हे अजून ठरवता येत नाही.

समोरच्या पोस्टवर एक जण बडबड्या होता. वारा पडला की ओरडायचा. आमची नावं त्यांना वायरलेस सेटवरून कळलेली. एका दुपारी त्याने दस्तगीरला हाक मारली.

"ओ शेख! उधर क्या कर रहा है? तू अलग, वो अलग. खाना अलग, नाम अलग, मय्यत अलग. दो क़ौमें हैं. इसी लिए तो हमारा मुल्क बना!"

दस्तगीर बटाटे सोलत होता. सुरी खाली ठेवली आणि ओरडला, "घर में बैठा हूँ, बटाटा छील रहा हूँ! तू अपना देख!"

तिकडून कोणीतरी हसलं.

आम्ही आत बसलो. ज्ञानदेव म्हणाला, "पर खोटं काय बोलला त्यो? वेगळं तर हायेच की."

"व्हय, हाय वेगळं," दस्तगीर म्हणाला. "मी कुठं न्हाई म्हणतो? मला पुरतील, तुला जाळतील. तुजं तुला, माजं मला. पर तेवढ्यावरनं देश तोडायचा म्हनलं तर लई देश व्हतील. आमच्या बेलापुरातच चाळीस व्हतील."

मी म्हणालो, "माझा सख्खा भाऊ. एक आई, एक देव, एक ताट. त्यानं रात्रीतनं माझा बांध कोरला. दोन हात जमीन खाल्ली."

"मग त्यो तर वेगळ्या धर्माचा न्हाई," ज्ञानदेव म्हणाला.

"तेच तर सांगतोय येड्या."

एवढंच बोलणं झालं. पुस्तक वाचलेला माणूस यावर दोन तास बोलेल. आम्ही बटाटे फोडणीला टाकले.

त्यानंतर नवव्या दिवशी पोस्ट ते बेस टेलिफोनची लाईन तुटली. सकाळी सात वाजता मी दस्तगीर आणि ज्ञानदेव यांना लाईन जोडायला खालच्या नाल्यात पाठवलं. नावं मीच काढली. आठ वीसला शेलिंग सुरू झालं. आठ पन्नासला थांबलं. नाला आमच्यापेक्षा बेसच्या बाजूने सोपा, म्हणून स्ट्रेचर पार्टी खालून आली. मला पोस्ट सोडता येत नव्हती. सेटवर दोनच शब्द आले. "दोघंही शहीद."

मी "रॉजर" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

अकरा चाळीसला सेट पुन्हा बोलला. चार्ली थ्री म्हणजे आमची पोस्ट.

"चार्ली थ्री, दोन्ही पार्थिव बेसला पोहोचले. चेहरे ओळखण्यासारखे नाहीत. तावीजवाला शेख, धागेवाला धिंदळे. पेट्या बंद करतोय. हेलिकॉप्टर चौदा-तीस. ओव्हर."

मी म्हणालो, "थांबा. उलटं आहे. तावीजवाला धिंदळे आहे. ऐकताय का? ओव्हर."

नुसती खरखर. सहा वेळा बोलावलं. बॅटरी गारठलेली, आवाज येत होता, आमचा जात नव्हता. टेलिफोनची लाईन तुटलेलीच होती. जोडायला गेलेले दोघं पेटीत होते.

नियम असा की मयताच्या गळ्यातल्या नाव-नंबर कोरलेल्या दोन बिल्ल्यांपैकी एक अंगावर ठेवायचा. खाली, हे मला मागाहून कळलं, नर्सिंग असिस्टंटने घाईत दोघांचेही सगळे बिल्ले काढून एकाच पाकिटात टाकले होते. मग बघितला तावीज, बघितला धागा आणि ठरवलं. त्याच्या जागी कोणीही तेच ठरवलं असतं.

मी हिशेब केला. पेट्या गेल्या की गावी कोणी उघडत नाही, उघडू देत नाहीत. दस्तगीर राजूरला जाणार आणि जळणार. ज्ञानदेव बेलापूरला जाणार आणि पुरला जाणार. दस्तगीरची आई परक्याच्या मातीवर हात ठेवून बसणार. ज्ञानदेवाचा भाऊ परक्याची राख प्रवरेत सोडणार. आणि दोघांनाही कधी कळणार नाही.

नायक काळे माझ्या हाताखाली होता. मी म्हणालो, "काळे, कमांड तुझ्याकडं. मी खाली चाललो."

"हुकूम न्हाई, हवालदार साहेब. कोर्ट मार्शल व्हईल."

"होऊ दे."

अकरा पन्नासला निघालो. तीन तासांची वाट, माझ्याकडे दोन तास चाळीस मिनिटं. नाल्यातून गेलो तर अर्धा तास वाचतो, पण तिथे समोरून दिसतं. नाल्यातूनच गेलो. दोनदा फायर आला, लांब पडला. गुडघा फुटला. चौदा पाचला हेलिपॅडवर पोहोचलो. दोन पेट्या, दोन्हीवर झेंडा. हेलिकॉप्टरचा आवाज घाटातून येत होता.

सुभेदार साहेब पुढे आले. "पोस्ट कोणाला विचारून सोडली?"

"साहेब, पेट्या उघडा. नावं उलटी लागलीत."

"शुद्धीवर आहेस का?"

"तावीज धिंदळेच्या गळ्यात होता. त्यांनी अदलाबदल केली होती. माझ्यासमोर."

साहेबांनी खिळे काढायला सांगितलं. डॉक्टर कॅप्टन साहेब तरुण होते. हळू आवाजात म्हणाले, "हवालदार, दुसरीही एक खूण असते. मी बघतो."

मला समजलं ते काय म्हणतात. दंगलीत माणसं दुसऱ्याला धरून तेच उघडून बघतात आणि मग ठरवतात मारायचं की सोडायचं. माझ्या माणसाचं ते कोणी बघावं, हे मला पटलं नाही.

मी म्हणालो, "साहेब, त्याची गरज न्हाई. बूट काढा."

धागेवाल्याच्या पेटीतला उजवा बूट काढला. मोजा काढला. दुसरं बोट काळं, नख नाही. मी बोट हातात धरलं. रोजच्यासारखंच थंड होतं.

"हा दस्तगीर," मी म्हणालो.

पेट्यांवरच्या नावाच्या पाट्या बदलल्या. तावीज आणि धागा ज्याच्या अंगावर होते तिथेच राहू दिले. चौदा बेचाळीसला हेलिकॉप्टर उडालं. बारा मिनिटं उशीर झाला.

पलटणीच्या सीओ साहेबांनी मला बोलावलं, दोन मिनिटं सावधान उभं केलं. शिक्षा दिली नाही, शाबासकीही दिली नाही. म्हणाले, "गुडघ्याला पट्टी बांध आणि पोस्टवर जा." मी गेलो.

आता हे सगळं का लिहितो ते सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या गावात मंडपात भाषणं होती. माझा पुतण्या सतीश माईकवर होता. चाळिशीचा आहे, ट्रॅक्टरचं दुकान आहे, बोलतो चांगला. तो म्हणाला, "हिंदू आणि मुसलमान ही दोन वेगळी राष्ट्रं आहेत. ती एका जागी नांदूच शकत नाहीत."

मी उभा राहिलो. म्हणालो, "सतीश, हे वाक्य मी आधी ऐकलंय. पाकिस्तानच्या पोस्टवरून."

लोक हसले. सतीश म्हणाला, "तात्या, तुमी खाली बसा. तुमचा काळ वेगळा हुता."

मी बसलो नाही. वर लिहिलं ते सगळं उभ्याने सांगितलं. वीस मिनिटं लागली. मध्ये कोणी उठलं नाही. शेवटी म्हणालो, "दस्तगीर माझ्यापेक्षा वेगळा हुता. लई वेगळा हुता. ते वेगळेपण त्याचं त्याला मिळावं म्हणून मी डोंगर उतरलो. त्याला माझ्यासारखा करायला न्हाई, आन देशाबाहेर काढायलाबी न्हाई." आणि घरी आलो.

घरात कोणी नव्हतं. माझी बायको इंदू जाऊन सात महिने झाले. दर वर्षी दस्तगीर आणि ज्ञानदेव गेले त्या तारखेला आम्ही नवराबायको आधी बेलापूरला आणि मग राजूरला जायचो. या वर्षी जायचं नाही असं मी ठरवलं होतं. एकट्याने एसटीत बसवत नाही. शेजारची सीट रिकामी दिसते.

त्या तारखेला सकाळी सहा वाजता सतीश गाडी घेऊन दारात. "तात्या, चला. सोडतो."

"तुला कोणी सांगितलं?"

"काकी दर वर्षी माझ्याकडनंच एसटीची वेळ विचारायची."

बेलापूरच्या कब्रस्तानात फाटकाजवळ तो थांबला. "चप्पल काढायची का?"

"काढ."

दस्तगीरची आई आता पंचाहत्तरीच्या पुढची. कबरीजवळ खुर्ची टाकून बसली होती. माझ्या मागे बघितलं. "इंदू कुठं हाय?"

मी कळवलं नव्हतं. मला लिहिता आलं नव्हतं. म्हणालो, "गेली, अम्मी. फाल्गुनात."

माझा हात ओढून ती म्हणाली, "सात महिने एकटा ऱ्हायलास आन मला सांगितलं न्हाई? मी काय मेले हुते?" मग हात पसरून तिने दुआ मागितली. दस्तगीरचं नाव घेतलं, ज्ञानदेवाचं घेतलं. ते ती दर वर्षी घेते. मग तिसरं नाव इंदूचं घेतलं. तिच्या धर्मात ते चालतं की नाही, मी विचारलं नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो. सतीश दुसरीकडे बघत होता.

निघताना तिने मलिदा दिला. एक डबा मला, एक ज्ञानदेवाच्या घरी. सतीशच्या हातावरही ठेवला. त्याने खाल्ला. त्याचं मत बदललं का, मला माहीत नाही. गाडी त्याने राजूरपर्यंत नेली, आणि वाटेत विचारलं, "तात्या, दस्तगीर बोलायला कसा हुता?" अकोले गाव येईपर्यंत मी तेच सांगत होतो.

तीन वाजता राजूरच्या वर पोहोचलो. ज्ञानदेवाचा भाऊ वाट बघत होता. त्याने मलिद्याचा एक घास ज्ञानदेवाच्या नावाने उभ्या केलेल्या दगडावर ठेवला आणि उरलेला पोरांना वाटला. त्या दगडावर एकच नाव होतं. या वर्षी त्याने खाली दुसरं कोरून घेतलंय. मला आधी सांगितलं नव्हतं. अक्षरं अजून पांढरी आहेत.

शिपाई ज्ञानदेव धिंदळे, राजूर.
लान्स नायक दस्तगीर शेख, बेलापूर.