डाव्या सीटवरचे सर

गाडीत बसण्याआधी सर चपला काढत. पायाखालची चटई बाजूला सारून अनवाणी तळवे सरळ पत्र्यावर टेकवत, डोळे मिटत आणि चालवणाऱ्याला सांगत, "चालू द्या आता. मी गाडीत नाहीच असं समजा."

मग ते सबंध फेरीत एक अक्षर बोलत नसत. घरापाशी गाडी थांबली की डोळे उघडून म्हणत, "गाडी चालवणाऱ्याले काय कळते? बाजूले बसणाऱ्याले इचारा."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. स्वतःला गाणं येत नाही, पण गवई कुठे चुकला ते पहिल्या रांगेत बसून ओळखणारा. आमचे सर मोटारींच्या बाबतीत तसे होते. नागपुरातल्या एका कॉलेजात ते भूगोल शिकवत आणि मी मराठी. घरंही लक्ष्मीनगरात एकाच गल्लीत. सर मूळचे वऱ्हाडातले, शेतकरी घरातले. वर्गात शुद्ध बोलत, पण वर्गाबाहेर पाऊल पडलं की 'मला'चं 'मले' होई. स्वतःची गाडी त्यांच्याकडे नव्हती, स्कूटर नव्हती, सायकलसुद्धा नव्हती. कॉलेजात ते पायी जात. मी स्कूटर थांबवली तर मागे बसत आणि उतरताना माझ्या क्लचबद्दल काहीतरी खोचक बोलून जात.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तोवर रस्त्यावर गोल पाठीच्या, म्हाताऱ्या चालीच्या गाड्याच दिसत. अशात आमच्या गल्लीत एकाच दिवाळीत दोन नव्या गाड्या आल्या. संत्र्यांचे मोठे व्यापारी दादासाहेब यांनी पांढरी कॉन्टेसा घेतली आणि समोरच्या घरातल्या तरुण दातांच्या डॉक्टरांनी 'एकशे अठरा' नावाची निळी, आटोपशीर गाडी. दोन्हींची इंजिनं जपानी वळणाची, दोन्ही त्या काळाच्या मानानं सुसाट. दुसऱ्याच दिवशी भांडण जुंपलं. दादासाहेब म्हणत, गाडी अशी असावी. डॉक्टर हसत म्हणत, ही गाडी नाही, दिवाणखाना आहे. निकाल कोण देणार? अर्थात सर.

दर रविवारी सकाळी एकेक गाडी त्यांच्या दारात उभी राहू लागली. अमरावती रोडनं वाडीपर्यंत जायचं, ट्रकांच्या गर्दीतून वळायचं आणि इतवारीच्या बोळांतून घरी यायचं, असा त्यांचा ठरलेला मार्ग. कोणी वेगाचं बोललं की सर वैतागत.

"शर्यतीत कोण पुढं पळते, त्याच्याशी आपल्याले काय करायचं आहे? पोरीले स्टेशनवर सोडायचं आहे, ट्रकाच्या मागून निघायचं आहे, बायकोनं सांगितलेली भाजी आणायची आहे. तिथं गाडी कशी वागते ते पाहा."

मग त्यांचे शेरे गल्लीभर फिरत. कॉन्टेसा म्हणजे लग्नातला वरबाप, ऐसपैस बसवतो पण जागचा उठायला वेळ लावतो. एकशे अठरा म्हणजे वऱ्हाडातला करवला, बोलावायच्या आत हजर, पण एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ. दोन्ही मालक हसत आणि निकाल मागत. सर तो पुढे ढकलत. "हिवाळ्यात कोणतीही गाडी गुणाचीच असते. नागपूरचा मे महिना येऊ द्या."

आणि मे महिना आला.

डॉक्टरांची गाडी आधी झाली. काटोल रोडनं भर दुपारी जाऊन आले. पुढच्या रविवारी दादासाहेबांची पाळी. त्या दिवशी सरांनी मलाही मागे बसवलं. ऊन असं होतं की दाराच्या कडीला हात लावता येईना. दादासाहेबांनी एसी लावला, तर सरांनी तो बंद करायला सांगितलं. "डॉक्टरले बिना एसीचं नेलं होतं. न्याय सारखा पाहिजे." दादासाहेब जाडजूड माणूस, साठीला टेकलेला. रुमालानं मान पुसत त्यांनी काचा खाली केल्या. आत झळा येऊ लागल्या.

गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे पळसाची झाडं आणि नांगरलेली रिकामी शेतं. दादासाहेबांनी गाडी पाचव्या गिअरला टाकली आणि सरांकडे पाहून हसले. काही वेळानं गाडीचा वेग आपोआप कमी व्हायला लागला. मला वाटलं, हाही परीक्षेचाच भाग असेल. गाडी कडेला जाऊन थांबली. दादासाहेब स्टिअरिंगवर वाकले होते.

"छातीवर कोणी बसलं," ते म्हणाले. त्यांचा सदरा चिंब भिजला होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

आम्ही दोघांनी ओढूनताणून त्यांना मागच्या सीटवर निजवलं. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. काटोलकडे जाणारा एक ट्रक आला, मी दोन्ही हात हलवले, तो हॉर्न वाजवत निघून गेला. मग काहीच येईना. दूरवर नुसती हवा थरथरत होती. मी धावत परत आलो. मला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नव्हतं.

"सर, चला! बसा ना लवकर! चालवा!"

सर गाडीच्या बाहेर उभे होते. ते म्हणाले, "मी गाडी चालवत नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे? चालवता येत नाही?"

"येते. चालवत नाही." त्यांनी मागे निजलेल्या दादासाहेबांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मले फिट येते गा. मिरगी. तरुणपणी गावाकडं जीप चालवून राहिलो होतो, तेव्हा आली. जीप नाल्यात गेली. तवापासून स्टिअरिंगले हात नाही लावला. रोज गोळी घेतो. बहुत वर्षं झाली, आली नाही. पण येणार नाही असं कोण सांगते?"

एवढी वर्षं शेजारी राहिलेला, स्टाफरूममध्ये एका डब्यातून जेवलेला माणूस, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. ती गोळी मी त्यांना घेताना पाहिली होती. रक्तदाबाची म्हणून सांगत.

मागून दादासाहेब कण्हले.

सर वळले आणि उजव्या बाजूनं आत बसले. मला त्यांनी शेजारी बसायला लावलं. आवाज वर्गातल्यासारखा झाला होता, एकेक शब्द सुटा. "नीट ऐका. माझ्याकडं पाहा, रस्त्याकडं नाही. फिट यायच्या आधी माझ्या उजव्या हाताचा अंगठा आत वाकते. तो वाकला की एक क्षण थांबायचं नाही. हा दांडा असा मधोमध आणायचा आणि स्टिअरिंग डावीकडं ओढायचं. कडेले शेत आहे. गाडी थांबते. समजलं?"

मी मान हलवली.

पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदा सुरू झाली आणि रस्त्यावर वळली. त्यानंतर काटोल रोड मी पाहिलाच नाही. मी एक अंगठा पाहत होतो. नखाखाली खडूची पांढरी रेघ असलेला, काळ्या स्टिअरिंगवर टेकलेला जाड अंगठा. खड्डा आला की तो हलायचा आणि माझा हात दांड्याकडे जायचा. "नाही, नाही," सर पुटपुटत, "तो खड्डा होता."

मागून आवाज येईनासा झाला, तेव्हा सर एकदम मोठ्यानं बोलू लागले.

"दादासाहेब, झोपू नका. निकाल ऐका. डॉक्टरची गाडी बरी आहे."

सरांनी तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगितलं. मग क्षीण आवाज आला, "नाही."

"खड्ड्यात बरी आहे."

"नाही म्हटलं ना."

"वळणावर तर बहुतच बरी आहे. तुमची गाडी म्हणजे बैलगाडी."

"काहून... काहून खोटं बोलता, सर?"

"बोला, बोला. अजून भांडा."

असं भांडत भांडत आम्ही गावात शिरलो. सायकली, रिक्षा, मध्येच एक लग्नाची वरात. सर हॉर्नवर हात ठेवून, घामानं न्हाऊन, त्या सगळ्यातून ती लांब गाडी काढत गेले. सदर भागातल्या एका हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये गाडी थांबली. स्ट्रेचर आलं, दादासाहेबांना आत नेलं. सर खाली उतरले, दार लावलं, दोन पावलं चालले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "आली."

त्यांचा अंगठा तळहातात वळला होता. मी धरीपर्यंत ते फरशीवर कोसळले.

मी कधी फिट पाहिली नव्हती. तो ताठरलेला देह, तो फेस, तो आवाज, ते ओले झालेले कपडे. भोवती गर्दी झाली. कोणीतरी चप्पल हुंगवायला पुढे केली, ती मी हातानं उडवून लावली. नर्स धावत आली, तिनं त्यांना कुशीवर वळवलं. हॉस्पिटलातून आमच्या गल्लीत फोन झाला आणि सरांना नीट शुद्ध येण्याआधीच माणसं येऊन पोचली. दातांचे डॉक्टर सगळ्यांत पुढे होते. सर हळूहळू शुद्धीवर आले, तर सभोवती ओळखीचे चेहरे. त्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले.

दादासाहेब वाचले. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

गल्ली सरांना डोक्यावर घेऊन नाचेल, असं मला वाटलं होतं. पहिल्या रविवारी सर सकाळी आंघोळ करून ओसरीवर बसले. समोर निळी गाडी निघाली आणि न थांबता गेली. दुसऱ्या रविवारीही तेच. मी न राहवून डॉक्टरांना विचारलं. ते अवघडले. "त्यांच्याबद्दल आदर आहेच हो. पण गाडीत काही झालं तर? मी एकटा काय करणार? आणि सीट..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

हा माणूस शिकलेला होता. हॉस्पिटलच्या फरशीवर जे पाहिलं त्यानं मी हादरलो होतो, पण या अर्धवट वाक्यानं बसलेला धक्का आजही ओसरलेला नाही. सरांच्या पत्नीला मात्र काहीच नवल वाटलं नाही. "म्हणूनच तर आम्ही कोणाले सांगत नव्हतो, भाऊ," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

पावसाळ्याच्या अखेरीस दादासाहेब हिंडूफिरू लागले. एके दिवशी ते काठी टेकत सरांच्या ओसरीवर आले. मी तिथंच होतो. आता हा माणूस सरांच्या पाया पडणार, म्हणून मी खुर्ची सरकवली.

"तुमाले फिट येते हे मले आत्ता कळलं," ते उभ्याउभ्याच ओरडले. "आणि तुम्ही माझी गाडी चालवली? मी मागं पडलेला! रस्त्यात आली असती तर? तिघंही गेलो असतो! मले इचारलं होतं का?"

सरांनी मान वर केली. "इचारलं असतं तर हो म्हटलं असतं का?"

दादासाहेबांचा श्वास फुलला होता. "नसतं म्हटलं."

"म्हणून नाही इचारलं." मग सर म्हणाले, "एसी मीच बंद करायले लावला होता, दादासाहेब. तेवढ्या उन्हात मीच नेलं होतं तुमाले. तिथं तुम्ही गेले असते तर मी घरी कोणत्या तोंडानं आलो असतो?"

दादासाहेब मटकन खुर्चीवर बसले. आतून कपबश्यांचा आवाज येत होता. दोघंही मोठी माणसं, आणि दोघंही एकमेकांकडे न पाहता डोळे पुसत होते. मी उठून फाटकापाशी जाऊन उभा राहिलो.

दादासाहेबांनी ड्रायव्हर ठेवला. रविवारी पांढरी गाडी पुन्हा सरांच्या दारात थांबू लागली. दादासाहेब मागे बसत. भर गल्लीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते हाक मारत, "चला सर, गाडीनं कुरकुर केली आहे, जरा पाहून द्या."

मी एकदा सरांना विचारलं, "आता खरा निकाल सांगा. कोणती बरी?"

"आता नाही सांगता येत. एक चालवली, एकीत नुसता बसलो. अशी तुलना होते का कुठं?"

पुढच्या हिवाळ्यात, दुपारी जेवून आडवे झालेले सर उठलेच नाहीत. फिट नव्हती, झोपेतच हृदय थांबलं. अंत्ययात्रेला गल्ली लोटली. डॉक्टरही आले. ते मागे मागे, एकटेच चालत होते. दादासाहेबांना चालण्याची मनाई होती. ड्रायव्हरनं दार उघडून धरलं, त्यांच्या मुलानं हात जोडले, पण ते ऐकेनात. काठी टेकत, थांबत, धापा टाकत ते तिरडीमागून निघाले. मागे त्यांची लांब पांढरी गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं येत होती.

मी त्यांचा दंड धरला. "दादासाहेब, बसा ना गाडीत. घाट लांब आहे."

त्यांनी माझा हात हळूच सोडवला.

"चालू द्या ना गा मले," ते म्हणाले.