सुखाच्या प्रश्नांना नकार

बाबा गेले आणि कर्जतजवळ, कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याच्या आमच्या गावात आई एकटी राहिली. भाऊ मोहोपाड्याला, कंपनीच्या कॉलनीत. त्याचं म्हणणं, आईला तिकडे न्यायचं; आईचं म्हणणं, उंबरा सोडणार नाही. शेवटी त्याने हात टेकले आणि मला म्हणाला, "तू मानसशास्त्र शिकवतेस ना? मग ती एकटी राहू शकेल का, ते तूच बघून सांग." मी कर्जतला कॉलेजात शिकवते, तेव्हा तिथेच खोली घेऊन एकटी राहायचे. मला माझ्या विषयाचा थोडा माजही आहे. सांगते म्हटलं.

त्याच सुमारास माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. वयस्क बायकांचं मन कितपत ठीक आहे हे मोजणारी एक परदेशी प्रश्नावली मी मराठीत आणली होती. ती कर्जत-खालापूरच्या गावांत चालते का, हे घटक विश्लेषणाने तपासायचं होतं. नाव भारदस्त, पण गोष्ट साधी. लग्नाच्या पंगतीत कोण कोणाला चिकटून बसतं ते बघत राहिलं, की नाती न विचारता कळतात. तसं, कुठल्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या जोडीने बदलतात ते संगणक बघतो आणि प्रश्नांचे गट पाडतो. मूळ प्रश्नावलीत सगळ्यांचा एकच गट होता. झोप लागत नाही, भूक नाही, रडू येतं, ही एक बाजू. मी समाधानी आहे, माझं चांगलं चाललंय, ही त्याचीच उलटी बाजू. म्हणून शेवटी सगळ्याची एकच बेरीज.

आमच्याकडे मात्र सुखाचे प्रश्न पंगतीतून उठून वेगळे जाऊन बसले. जिला शांत झोप लागते, जेवण जातं, रडू येत नाही, ती बाईसुद्धा 'मी समाधानी आहे' म्हटलं की ठाम 'नाय' म्हणायची. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, हे प्रश्न खराब आहेत, काढून टाक. मला राग आला. प्रश्न खराब असते तर उत्तरं कशीही विखुरली असती. या बायका तर एकजुटीने नकार देत होत्या.

मग खालापूरकडच्या एका बाईंना मी सरळच विचारलं. दारात दुभती म्हैस, मुलगा नोकरीला, अंगणात नातू खेळतोय. "मावशी, तरी समाधानी नाही?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "असं तोंडानं म्हनू नये गं बाय. दृष्ट लागते."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माझ्या आईने जन्मभर दुसरं काय केलं होतं? भावाला नोकरी लागली तेव्हा गावभर सांगत सुटली, "कसली नोकरी, नुसता धूर खायचा." नव्या टेंपोला लिंबू-मिरची बांधतात, तशी ती प्रत्येक सुखाला कुरकुर बांधायची. मी प्रबंधात लिहिलं की आमच्याकडे हे प्रश्न सुख मोजत नाहीत, दृष्टीची धास्ती मोजतात. तेव्हा दोन्ही गटांची बेरीज करू नये. मार्गदर्शक बाईंनी बरीच हुज्जत घालून ते मान्य केलं.

त्यानंतरच्या एका रविवारी मी घरी गेले. आई ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसली होती. "गावोगाव इचारत फिरतेस," ती म्हणाली, "मला कदी इचारलंस?"

विचारलं. झोप? "लागते." भूक? "लागते." रडू? "आता नाय येत." भावाला काय सांगायचं ते मी मनात जुळवायलाही लागले. मग वाचलं, "मी समाधानी आहे."

"हाय."

मी मान वर केली. "माझं सगळं चांगलं चाललंय?"

"चाललंय. समदं चांगलं हाय. लिव."

जुन्या बेरजेने ती पंचक्रोशीतली सगळ्यात सुखी बाई ठरली असती.

"आई," मी म्हटलं, "असं म्हणू नये ना? दृष्ट लागेल."

"लागू दे गं. लागायला आता हाय काय माज्याकडं?"

मीठ संपलंय हे सांगावं, तशा आवाजात ती बोलली आणि पुढचा वाल सोलायला घेतला. मी समोर बसले होते. मला भीती वाटली आणि, खरं सांगते, अपमानही वाटला.

संध्याकाळी भावाला फोन केला. "मग? पास की नापास?" त्याने विचारलं.

"सगळ्यात पास," मी म्हटलं. "म्हणूनच तिला एकटं ठेवायचं नाही."

त्याला ते कळलं नाही, पण माझा आवाज ऐकून "बरं" म्हणाला. मोहोपाड्याला आई येणार नव्हतीच. मग मीच कर्जतची खोली सोडली आणि घरी राहायला आले. स्कूटरवरून कॉलेज गाठता येतं. आई ये म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही. माझ्या पुस्तकांसाठी तिने कपाटाचा एक खण तेवढा रिकामा केला.

असेच काही महिने गेले. एकदा शेजारच्या काकू दाराशी येऊन आईला म्हणाल्या, "मजा हाय बा तुजी. लेक येऊन राह्यली."

"कसली मजा!" आई उसळून म्हणाली. "रोज भात करपवते, घरभर कागद पसरते, आन वर मलाच शिकवते. डोक्याला ताप नुसता!"

आत मी खरोखरच भात करपवत होते. वास नाकात शिरला तरी गॅस बंद करायला हात उचलवेना, इतकं मला रडू येत होतं.