रोज जेवायला परदेशी

दाएंग पल्लावांच्या घराची ओटी इंडोनेशियात आहे आणि चूल मलेशियात. आमच्या सेबातिक बेटावर याचं कुणाला नवल वाटत नाही. सरहद्द आखणारे साहेब कधीच मातीत गेले, आणि त्यांच्यामागून आलेल्या माणसांनी जागा मिळेल तिथे घरं बांधली. माझी भाजलेल्या आणि तळलेल्या केळ्यांची टपरी पल्लावांच्या ओटीला चिकटून आहे. टपरी इंडोनेशियात, पण तिचं खरकटं पाणी उतारानं मलेशियात जातं. आजवर त्या सरकारनं तक्रार केलेली नाही.

मला बेसे म्हणतात. फटकळ बाई असं गाव म्हणतं, पण भजी खायला माझ्याकडेच येतं. आम्हा बुगिस लोकांत थोरल्या भावाला दाएंग म्हणतात आणि नवऱ्यालाही दाएंगच, त्यामुळे मी आणि पल्लावांची बायको मरविया, दोघीही त्यांना एकच हाक मारतो. ओ मात्र ते माझ्या हाकेला आधी देतात, कारण माझ्या हातात कढई असते.

मरविया तावाऊची. म्हणजे समोरच्या किनाऱ्यावरची, मलेशियाची नागरिक, लाल पासपोर्टवाली. तिला सून करून आणली त्याच वर्षी पल्लावांनी होडीचा उरलेला तांबडा रंग घेतला आणि ओटी नि स्वयंपाकघर यांच्या मधोमध जमिनीवर हातभर रुंदीचा पट्टा ओढला. तेव्हा त्यांना एक विनोद सापडला. पाहुणा आला, मरविया कॉफीचं तबक घेऊन पट्ट्याशी आली, की हे हात आडवा घालत आणि म्हणत, "थांब. पासपोर्ट?" पाहुणे हसत. मरविया पहिल्या वर्षी एकदा हसली होती. त्यानंतर ती तबक हातात घेऊन, ह्यांचं हसू संपेपर्यंत छताकडे बघत उभी राही. तेवढ्या वेळात कॉफी गार होई, आणि गार कॉफीबद्दलही तिनंच ऐकून घ्यायचं.

विनोद झाला की पाठोपाठ पणजोबा येत. ते पणजोबा शिडाचं गलबत घेऊन कुठल्या कुठल्या मुलखांत जाऊन आले होते, आणि कुणाच्या बापाला त्यांनी कागद दाखवला नव्हता. "समुद्र बुगिसाला कागद मागत नाही," असं पल्लावा मांडीवर थाप मारून सांगत. ते स्वतः कधी शेजारच्या, इंडोनेशियातल्याच नुनुकान बेटाच्या पलीकडे गेले नव्हते. होडीत बसलं की त्यांना मळमळायचं.

त्यांना एकच लेक, हाफसा. शहाणी पोर. कामाला म्हणून कोटा किनाबालूला गेली, तिथे एका कोरियन जहाज-कारागिराशी तिचं जमलं. तो मुसलमान झाला, रीतसर निकाह ठरला, सगळं झालं. पण पल्लावांनी ताठा सोडला नाही. "परक्याशी लग्न करतेयस. तुझी पोरं बुगिस असणार नाहीत," एवढं बोलले आणि निकाहाला गेले नाहीत. ती नवऱ्याबरोबर बुसानला गेली. पुढे तिचा फोन आला की हे उठून माझ्या टपरीवर येऊन बसत आणि केळ्यांचा भाव विचारत. भाव ह्यांना पाठ होता. कान तिकडे स्वयंपाकघरात असत, आणि मी उगाच झारा आपटला की माझ्यावरच डोळे वटारत.

मग हाफसाला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिनं आईला सांगितलं, "इंदो, तू तर येच. आणि अंबोंना सांग, ते येणार असतील तर मी स्वतः विमानतळावर येऊन उभी राहीन." इंदो म्हणजे आई नि अंबो म्हणजे बाप. हा निरोप पल्लावांनी ऐकला. दुसऱ्या दिवशी नुनुकानच्या बाजारातून एक जाडजूड कोट घेऊन आले आणि तो घालून, भर उन्हात, माझ्या पेटत्या चुलीसमोर बसले. घामाच्या धारा लागल्या होत्या. "ऊब चांगली आहे," म्हणाले. मला हसू आवरेना, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणीही आलं. या माणसाला लेकीकडे जायचं होतं आणि ते तोंडानं म्हणता येत नव्हतं.

पण इथे खरी गंमत झाली. मलेशियाच्या पासपोर्टवाल्याला कोरियात जायला व्हिसा लागत नाही. इंडोनेशियाच्या पासपोर्टवाल्याला लागतो. जन्मभर चुलीपासून तावाऊच्या मासळीबाजारापर्यंतच गेलेल्या मरवियानं तिकीट काढलं की झालं. आणि गलबतवाल्याच्या पणतूनं जाकार्ताला जाऊन कोरियाच्या वकिलातीच्या खिडकीसमोर रांग धरायची. एकाच ताटात जेवणारी दोन माणसं, पण एकाला दार सताड उघडं आणि दुसऱ्याला कडी.

नुनुकानच्या एजंटानं पल्लावांना पढवून पाठवलं. जो आधी परदेशी जाऊन मुकाट्यानं परत आलेला असतो, त्याच्यावर त्या लोकांचा विश्वास बसतो, असं त्यानं सांगितलं. एवढं एकच वाक्य दाएंगांच्या डोक्यात राहिलं. जाकार्ताहून परतले ते छाती फुगवूनच. मुलाखत फक्कड झाली, म्हणाले. खिडकीतली मुलगी एवढी चकित झाली की तिनं आतून साहेबाला बोलावून आणलं.

"काय विचारलं तिनं?" मी म्हटलं.

"आधी कधी परदेशी गेला होता का, म्हणाली. मी म्हटलं, रोज जातो. तीनदा. जेवायला."

माझा हात कढईवरच थांबला.

"मग?"

"मग म्हणाली, पासपोर्टात एकही शिक्का कसा नाही? म्हटलं, शिक्का कोण मारणार, पलीकडे माझी बायको असते. साहेब म्हणाला, परवानगी घेता का? म्हटलं, घर माझं, परवानगी कसली? आणि दरवेळी परत येतो हेही सांगितलं. झोपायला. वर फोटो दाखवला, एक पाय इकडे, एक पाय तिकडे, मध्ये मी मासा खातोय."

उचलली जीभ लावली टाळ्याला, ती अशी. मरविया पट्ट्यापलीकडून सगळं ऐकत होती. तिनं डोक्याला हात लावला आणि आत निघून गेली. नकार यायला फार दिवस लागले नाहीत.

एजंट घरी येऊन ओरडला. म्हणाला, जगात लोक चोरून सरहद्द ओलांडतात आणि लपवतात, तुम्ही कोट घालून सांगायला गेलात. आता काही महिने वागणूक साफ ठेवा, जिथे जाल तिथे रीतसर जा, शिक्के जमवा, मग पुन्हा अर्ज करू.

झालं. दाएंग एकदम कायद्याचे भक्त झाले. पट्ट्याला पायही लावीनात. मरवियानं ताट पट्ट्यापर्यंत सरकवायचं आणि ह्यांनी इकडून ओढून घ्यायचं. बरं, ओटीवर निजणं हा तिचाही गुन्हाच, म्हणून तिला म्हणाले, तूही आजपासून तुझ्या देशात झोप. तिनं चुलीजवळ चटई टाकली आणि झोपली. सकाळी मी विचारलं तर म्हणाली, "बेसे, लग्नापासून पहिल्यांदा घोरणं न ऐकता झोपले."

शिक्के हवे होते, मग त्यांनी तोही मार्ग काढला. आठवड्यातून एकदा दाएंग कोट खांद्यावर टाकून पुढच्या दारानं निघत. नुनुकानला जायचं, तिथून लाँचनं तावाऊ, शिक्का, मग तावाऊहून होडी करून खाडीतून आपल्याच घराच्या मागच्या दाराशी. वाटेत दोन-तीनदा ओकायचं. सकाळचा निघालेला माणूस उन्हं कलली की स्वतःच्या स्वयंपाकघरात पोचे. परतीची लाँच दुसऱ्या दिवशी, म्हणून रात्री पाहुण्यासारखा चुलीपाशी झोपे, त्याची गादी पट्ट्यापलीकडे ओटीवर दिसत असताना. मरवियाची झोप पुन्हा गेली ती गेलीच.

पहिल्या खेपेला अख्खं गाव मागच्या दाराशी जमलं होतं. मीही कढई उतरवून गेले, खोटं कशाला बोलू. दाएंग हिरवेपिवळे होऊन होडीतून उतरले, शिडी चढले, सलाम केला. मरविया दारात उभी होती. तिनं हात आडवा घातला.

"पासपोर्ट?" ती म्हणाली.

कुणी हसलं नाही, एवढं सगळ्यांना ते बघायचं होतं. दाएंगांनी निमूट खिशातून पासपोर्ट काढला आणि दिला. तिनं तो ओला हात ओढणीला पुसून घेतला, पान उलटलं, शिक्का पाहिला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"किती दिवस मुक्काम?"

"जेवेपर्यंत."

"या," ती म्हणाली, आणि बाजूला झाली. शेरास सव्वाशेर भेटला, पण भेटायला तीस वर्षं गेली. मग मात्र आम्ही इतके हसलो की पलीकडच्या चौकीतला शिपाई बघायला आला. त्यालाही तिनं भात वाढला.

हाफसाचे दिवस भरत आले तशी मरविया एकटीच गेली. दाएंगांच्या पासपोर्टात तेव्हा जेमतेम चार शिक्के होते. जाताना ती मागच्या दारानं होडीत बसली आणि हे पट्ट्याशी उभे राहून नुसते बघत राहिले. कोट तिच्या बोचक्यात बांधून दिला होता, म्हणाले, तिकडे गारठा असेल, तू घाल. नातू झाला. फोनवर फोटो आला तो मी त्यांना दाखवला. त्यांनी फोन नाकाशी धरला, दूर धरला, आणि म्हणाले, "डोळे तिकडचे आहेत." मी म्हटलं, "नाक बघा, नाक तुमचं आहे, हवेत." त्या दिवशी त्यांनी माझी सगळी भजी विकत घेऊन गावात वाटली. फोनवर मात्र लेकीशी बोलले नाहीत. समोर जाऊन बोलेन, म्हणाले. पडला तरी नाक वरच.

मरविया परतली, आणि पल्लावांनी दुसरा अर्ज केला. पासपोर्ट अर्जासोबत जाकार्ताला गेला. आठवडे उलटले, उत्तर नाही. आणि अशात हाफसाचा निरोप आला की नवरा कामासाठी जहाजावर गेला आहे, मला सुट्टी मिळाली आहे, बाळाला घेऊन मीच माहेरी येते.

आता माहेर म्हणजे कुठलं? बाळ कोरियन नागरिक. आठ महिन्यांचं पोर, पण त्याचा पासपोर्ट आजोबांच्या पासपोर्टाच्या डोक्यावर पाय देऊन उभा. मलेशियात त्याला व्हिसा लागत नाही. इंडोनेशियात मात्र लागतो. म्हणजे चुलीपर्यंत ते पोर राजासारखं येऊ शकत होतं आणि ओटीवर यायला त्याला अर्ज करायला हवा होता. हाफसानं सरळ सांगितलं, "मी इंदोकडे येतेय. अंबोंना यायचं असेल तर त्यांनी आत यावं."

ती तावाऊवरून होडीनं आली, मागच्या दारानं. मरवियानं बुरासा, पानात बांधलेले भाताचे मुटके, उकडले होते, केळीच्या पानाचा वास माझ्या टपरीपर्यंत येत होता. दाएंग नवीन लुंगी नेसून, टोपी घालून ओटीवर पट्ट्याच्या अलीकडे मांडी घालून बसले होते. पासपोर्ट जाकार्तात, अर्ज विचाराधीन, आणि एजंटाचा धाक. हाफसा पट्ट्याच्या पलीकडे उभी राहिली. बापाकडे बघत होती. मी दारातून बघत होते आणि माझी केळी जळत होती.

"अंबो, आत या ना," ती म्हणाली.

"पासपोर्ट जाकार्ताला आहे."

"घर तुमचं आहे."

"तेच तर मी त्यांना सांगितलं होतं," ते म्हणाले, आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता हिचा पारा चढणार. दोन वर्षांचं न बोललेलं होतं पोटात. पण तिनं कडेवरचं पोर खाली चटईवर सोडलं आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

पोर गुबगुबीत. थोडं इकडे बघितलं, थोडं तिकडे. मग आजोबांच्या टोपीवर त्याची नजर बसली आणि ते रांगायला लागलं. तांबड्या पट्ट्याशी आलं. मरविया पळी हातात धरून थबकली. आम्ही सगळ्या श्वास रोखून उभ्या होतो, जसं काही तिथे बंदूकवाला उभा आहे. पोरानं पट्ट्यावर एक हात ठेवला, दुसरा ठेवला, लाळ गाळली, आणि गुडघे ओढत सरळ इंडोनेशियात आलं. दाएंगांच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं आणि त्यांची टोपी ओढली.

पल्लावा त्याच्याकडे बघत राहिले.

"व्हिसा नाही, काही नाही, तसाच आलास?" ते म्हणाले. मग वर लेकीकडे पाहिलं. "हाफसा, मी चुकलो गं. हा बुगिस आहे. कुणाला विचारलं नाही यानं."

हाफसा हसत हसत रडायला लागली. दाएंगांनी पोराला उचललं, उभे राहिले, आणि पट्ट्याकडे चालत आले. पट्ट्यावर मरविया होती. तिनं हात आडवा घातला.

"पासपोर्ट?"

"माझ्याकडे नाही," दाएंग म्हणाले, आणि नातवाला पुढे केलं. "मी याच्याबरोबर आहे."

मरवियानं हात काढून घेतला आणि जेवायची चटई टाकली.