जुन्या लोकरीचं ब्लँकेट

विणण्यापेक्षा उसवण्यावर जास्त श्रद्धा असलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या घाटकोपरच्या चाळीत समोरच्या खोलीत राहणारी मावशी. माझी अशी नव्हे, सगळ्या मजल्याचीच. एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. क्रोशाची सुई तिच्या हातात नसली तर अंबाड्यात खोचलेली असे. ‘दोन खांब, एक साखळी’ असं पुटपुटत ती टाके मोजू लागली की कुणी बोलायचं नाही. एकदा पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन दारात आला, तर त्यालाही तिने हातानेच थांबवलं आणि ओळ संपल्यावर सही केली. एक टाका चुकलेला दिसला की पाच ओळी असोत की पन्नास, सर्रकन उसवून मोकळी! माझ्या बहिणीने विणून पाठवलेला मफलर ‘बघू रे’ म्हणून तिने मागून घेतला आणि माझा चहा संपेपर्यंत त्याचा गुंडा करून माझ्या हातात ठेवला. वर म्हणते, ‘तिसऱ्या ओळीत खांब गाळलाय, बाबा. चुकीचं गळ्यात घालून फिरशील?’ मुंबईचा हिवाळा म्हणून निभावलं.

तिची एकुलती एक मुलगी वाकोल्याला दिली होती. तिला दिवस गेले तेव्हा मावशीने पिवळ्या लोकरीचं ब्लँकेट विणायला घेतलं आणि, नवल म्हणजे, एकदाही न उसवता पुरं केलं. सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. भेटायला आलेली एक बाई बोलून गेली, ‘बाळ यायच्या आधी नवं काही करून ठेवू नये, हे काय तुम्हाला सांगायला हवं?’ दुसऱ्या दिवशी मावशीने मला समोर बसवलं आणि अख्खं ब्लँकेट उसवून लोकर माझ्या दोन्ही हातांवर गुंडाळली. त्यात एकही चूक नव्हती. मला बघवत नव्हतं, पण हात गुंतलेले, उठणार कसा?

दोन वर्षांनी मुलीला पुन्हा दिवस गेले. मावशीने तीच लोकर काढली. मी घाबरलो. ‘मावशी, बाळ येऊ दे ना आधी!’

‘नवं करू नये म्हणतात ना? ही लोकर जुनी आहे रे, एकदा विणलेली. तान्ह्याला पहिलं जुनंच घालतात.’

शिवाय शेवटची ओळ तिने मुद्दाम बाकी ठेवली. पुरंच नाही, तर दृष्ट कशाला लागेल! देवाला फसवायचा इतका भाबडा डाव मी दुसरा पाहिला नाही. देव फसला नाही. तेही मूल राहिलं नाही.

मुलगी माहेरी आली. ब्लँकेट, एक ओळ कमी, ट्रंकेवर पडून होतं. मावशी आता विणत नव्हती आणि उसवतही नव्हती, याचीच मला भीती वाटे. मुलीशी बोलतसुद्धा नसे. जणू मुलीनेच आपलं नुकसान केलं होतं. एका दुपारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेलो, तेव्हा मुलीनेच ब्लँकेट उचललं, टोक शोधलं आणि ओढायला लागली.

‘ठेव ते!’ मावशी ओरडली.

‘आई, माझ्या मापाचं विण. मला थंडी वाजते.’

भर मे महिना होता. पंखा गरगरत होता.

तान्ह्याचं माप मावशीच्या बोटांत बसलेलं. मोठ्या माणसाचं कुठून असणार? तिने मुलीला चटईवर आडवं व्हायला सांगितलं आणि डोक्यापासून एकेक वीत टाकत मोजायला लागली. खांदे झाले, कंबर झाली. पोटावरून हात जरा घाईनेच गेला. पावलांशी पोचल्यावर मात्र तो उचलेना.

‘एवढी मोठी कधी झालीस गो तू?’ ती म्हणाली, आणि दोन्ही मुलं गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा ती आपल्या मुलीसाठी रडली.